हळद तेलात

संपादकांच्या पत्रात कामाची ओळ एकच होती : 'तुम्ही लेखक कसे झालात, ते लिहा.' काकींनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या खेपेला त्याच वैतागल्या. "मारायला थोडाच बोलवलाय बाला? लिवायलाच सांगितलाय ना?" तरी भीती आहेच. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने दिवाळी अंकात लिहायचं म्हणजे ओळखदेख नसलेल्या लग्नात पंगतीला बसल्यासारखं वाटतं. वाढपी जवळ आला की वाटतं, आता हा विचारणार, तुम्ही कोणाकडचे? तेव्हा शुद्धलेखन चुकलं तर ते माझं समजा. अक्षर मात्र काकींचं आहे. छापल्यावर ते तुम्हाला दिसणार नाही, हे तुमचं नुकसान.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा लेख मी तोंडी सांगतोय आणि काकी वहीत उतरवून घेताहेत. फक्त एक शब्द असा आहे, की तो काकी लिहीत नाहीत. तो आला की त्या दोन बोटं जागा कोरी सोडतात आणि 'पुढं?' म्हणतात. ती जागा नंतर मी भरतो. त्यासाठी मला चाकाच्या खुर्चीतून पडवीत न्यावं लागतं. मग पेन दातात द्यायचं. काकी वही माझ्या तोंडासमोर धरतात आणि स्वतःचं तोंड सुपारीच्या वाडीकडे फिरवतात. तेवढा एक शब्द भरेपर्यंत चहा निवतो. असं का, ते पुढे येईलच.

मी मूळचा परभणीकडचा. नाव दत्ता. शाळा सोडली ती वडील वारले म्हणून. (हा त्यातला पहिला. चहा निवला.) आई, म्हणजे आमच्याकडे माय म्हणतात, गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. ज्या शाळेतून मी बाहेर पडलो त्याच शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती रोज मोठ्या पातेल्याशी उभी असायची. मी हॉटेलात, वीटभट्टीवर, मिळेल तिथे राबत राबत शेवटी न्हावा शेव्याला बंदराच्या कामाला आलो. जहाजावर कंटेनर एकावर एक रचलेले असतात. समुद्रात ते सरकू नयेत म्हणून लोखंडी सळ्यांनी आवळून बांधतात. ते बांधायचं आणि सोडायचं काम आमचं. त्याला लॅशिंग म्हणतात. एका दुपारी मी चौथ्या थरावरून खाली आलो. कमरेचा पट्टा मीच सोडला होता, उकडत होतं म्हणून. कोणाला बोल लावायला जागा नाही.

तेव्हापासून मानेखाली मी आहे असं डॉक्टर सांगतात. मला तिकडून काही निरोप येत नाही. मान वळते, तोंड चालतं, डोळे चालतात. उजव्या खांद्याला कधीमधी मुंग्या येतात, त्या मी पाहुण्यासारख्या मोजून घेतो.

माय दवाखान्यात आली होती. महिनाभर माझ्या खाटेखाली झोपली. दर दोन तासांनी माणसाला कुशीवर वळवायचं असतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. तिच्याकडून मी वळत नव्हतो. तिचे हात पातेलं उतरवायला पुरायचे, मला पुरत नव्हते. आमचा मुकादम काशिनाथ हा बोर्ली पंचतनजवळच्या एका वाडीतला. तो रोज येऊन बसायचा. एक दिवस म्हणाला, "मावशी, टेन्शन घेऊ नका. आमच्या आयकडं नेतो याला. घरी ती एकलीच असते. सुट्टीला आलो की उचलायला आपन हाय, एरवी शेजारची दोन मानसं हाईत." माय त्याचे पाय धरायला वाकली तर तो उडी मारून बाजूला झाला. जाताना माय मला म्हणाली, "माझ्यानं उचलत न्हाईस रे बाबा. तू तिथं जगलास तरी मला पुरे."

मी जगलो. बारा वर्षं झाली. काशिनाथची आई म्हणजेच या काकी, इंदूकाकी. मला भरवणं, पुसणं, शेजाऱ्यांना हाताशी धरून वळवणं त्यांनी केलं. त्याबद्दल इथे लिहू नको असं त्यांनी बजावलंय आणि वही त्यांच्याच हातात असल्यामुळे माझं काही चालत नाही.

काकी चौथी शिकलेल्या. पूर्वी या भागातले निम्मे पुरुष मुंबईला कामाला असायचे. मागे राहिलेल्या बायकांची पत्रं काकी लिहायच्या. म्हणजे लेखणीचा धंदा या घरात माझ्या आधीपासूनचा. त्या धंद्याचा एक नियम होता. कोणी वारल्याचं पत्र घरात बसून लिहायचं नाही. पडवीच्या पायरीवर बसायचं, वर 'श्री' घालायचा नाही, लिहून झालं की अंगावरून पाणी घ्यायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. ज्याला पत्र जाईल तोही ते वाचून फाडून टाकतो, घरात ठेवत नाही. एकदा बाहेर वारापाऊस होता म्हणून काकी अशा पत्राला आत बसल्या. त्याच महिन्यात त्यांचा धाकटा मुलगा तापाने वारला. ते पत्र आणि तो ताप यांचा काही संबंध नाही, हे मी त्यांना बारा वर्षं सांगतोय. त्या मान हलवतात. पण तेव्हापासून असलं काहीच त्या लिहीत नाहीत, आत नाही आणि बाहेरही नाही.

आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, तरी लिहून घ्यायला लोक यायचे. अर्ज, निमंत्रणं, सत्काराचं मानपत्र. मी खाटेवर पडून ऐकायचो. ऐकता ऐकता एक दिवस न राहवून म्हटलं, "काकी, हे वाक्य उलटं करा की. आधी गावाचं नाव, मग माणसाचं." काकींनी उलटं केलं. समोरच्या गृहस्थांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू खाटच बोलली.

मग माझी गिऱ्हाइकं झाली. मोहल्ल्यातल्या रेहानाभाभी आल्या. नवरा कुवेतला. म्हणाल्या, "दत्ताभाई, फोनवर बोललेलं तो या कानानं ऐकतो, त्या कानानं सोडतो. लिहिलेलं घरात पडून राहील, डोळ्यांसमोर येईल. चांगलं कडक लिहा." मी पानभर लिहून दिलं. आठवणी, पोरांचा अभ्यास, डोळ्यांतलं पाणी, सगळं. काकींनी वाचून दाखवलं. भाभी शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "छान आहे. पण एवढी गोड मी निकाहच्या दिवशीपण नव्हते. तो म्हणेल, ही कोण?" मग त्यांनी स्वतः सांगितलं आणि काकींनी उतरवलं, चार ओळी. चारही कडक. नवरा सुट्टी काढून आला. लिहायचं ते त्या माणसाच्या चवीचं, आपल्या नव्हे, हे मला तिथे कळलं. कळलं म्हणतो खरं, पण पुढे विसरलो.

श्रद्धांजलीच्या मजकुराची पंचाईत असायची. काकी त्याला हात लावायच्या नाहीत. एक गृहस्थ वडिलांच्या फलकासाठी मजकूर घ्यायला आले. काकींनी त्यांना पेन दिलं आणि पायरीवर बसवलं. मी आतून खिडकीतून ओरडून सांगायचं, त्यांनी बाहेर लिहायचं. माझा आवाज मुळात बारीक, त्यात वाडीत कोणीतरी मोटर चालू केलेली. मी ओरडलो, "प्रेमळ, कष्टाळू!" त्यांनी लिहिलं 'प्रेमळ, कंटाळू'. बोर्लीच्या नाक्यावर फलक लागला. दोन दिवस लोक हात जोडून पुढे जायचे आणि वळून पुन्हा वाचायचे. मला इकडे घाम. काशिनाथला म्हटलं, आता ते भांडायला येणार. ते आले, पण म्हणाले, "दादा, आता राहू द्या. नात्यातल्या समद्यांना पटलंय."

अशी तीनचार वर्षं गेली, तेव्हा स्वतःचं काही सांगावंसं वाटायला लागलं.

हे काम कसं चालतं ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. काकी सकाळी सुपाऱ्या सोलायला वाडीत जातात, दुपारी वही घेऊन बसतात. मधल्या वेळात मला गोष्ट डोक्यात धरून ठेवावी लागते. माझ्या खिडकीतून सुपारीची पाच झाडं दिसतात. पहिल्या झाडावर पहिलं वाक्य, दुसऱ्यावर दुसरं, असं टांगून ठेवायचं. दुपारी झाडांकडे बघत एकेक उतरवायचं. वादळात त्यातलं एक झाड पडलं, तेव्हापासून माझ्या गोष्टींतले परिच्छेद चार वाक्यांचे झाले. पाचवं ठेवायला जागाच नाही. काशिनाथने मोबाइलला बोलून लिहायची सोय करून दिली होती. पण माझा आवाज आणि परभणीची बोली, दोन्ही मिळून त्या यंत्राला झेपलं नाही. मी 'माय' म्हटलं की ते 'नाही' लिहायचं.

माझी वाक्यं छोटी असतात, याचं एकदोघांनी पत्रातून कौतुक केलंय. त्यांना काय सांगू? माझी छाती अर्धीच चालते. एका श्वासात जेवढं मावतं तेवढंच वाक्य होतं.

आणि एक खोड. सांगून झालं की काकी मागचं वाचून दाखवायच्या. शेवटचं पान मात्र मी कधीच वाचून घ्यायचो नाही. भीती वाटायची. वाटायचं, ऐकलं आणि फसलेलं निघालं तर पुन्हा पहिल्यापासून उभं करायची ताकद आपल्यात नाही. डोळे झाकून पुढे ढकलायचं. ही खोड मला फार महाग पडली.

पहिली मोठी गोष्ट मी मायवरच सांगायला घेतली. शाळेत खिचडी शिजवणारी एक बाई आणि शाळा सोडलेला तिचा मुलगा. नाव दिलं 'पातेलं'. फोनवर मायला सांगितलं तर ती आधी घाबरली. "माझं कायला लिव्हतूस? लोक हसतील." दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "म्या शाळंतल्या बाईला सांगितलंय. छापून आलं की शेडात पोरं जेवायला बसतील तवा वाचून दावा म्हणलं. मोठ्यानं. म्या पळी हातात घिऊन हुबी ऱ्हाते म्हणलं." मग थांबून म्हणाली, "छापतेत ना रे दत्ता? खरंच?"

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. माय लिहिलेलं वाचू शकत नाही. पण त्या शेडमध्ये, ज्या पोरांना तिने वर्षानुवर्षं वाढलं त्यांच्यासमोर तिच्या मुलाचं नाव कोणीतरी मोठ्याने वाचावं, एवढं मला करायचं होतं. तिने मला तसं सोडलं याचं तिला किती लागलं होतं, ते मला ठाऊक होतं. 'जगलास तरी पुरे' म्हणाली होती. मला दाखवायचं होतं की पुरे नाही, थोडं वर उरलंय.

गोष्ट निम्म्यावर असताना माय आजारी पडली. ताप, मग कावीळ. बहीण, सुनिता, तिच्याकडे येऊन राहिली. ती फोनवर सांगायची, बरी हाय, औषध चालू हाय. फोन काकींकडे असायचा, कारण तो धरायला हात त्यांचेच. त्या वाडीत जाताना घेऊन जायच्या. मी रोज विचारायचो, मायचं काय? त्या म्हणायच्या, "बोलते ती. तू तुजा लिव." आणि मी सांगत सुटायचो. अंकाला पाठवायची मुदत जवळ येत होती.

श्रावणातली गोष्ट. काकी वाडीतून लवकर परत आल्या. टोपली तशीच पायरीवर ठेवली. आत येऊन माझ्या उशाशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "काय झालं?"

"सुनिताचा फोन व्हता," त्या म्हणाल्या. "तुजी आय गावाला गेली."

मला इतकं बरं वाटलं. ज्या बाईला चार दिवसांपूर्वी उठवून बसवावं लागत होतं, ती गावाला गेली! मायला कुठे जायचं असलं तर एकच गाव, मामाचं. आजारातून उठली की ती हवापालट म्हणून तिथेच जाते. मी हसलो. म्हटलं, "जाऊ द्या, मामाकडे चार दिवस राहील. मामी कामाला हात लावू देणार नाही. बरं झालं." काकींनी पायरीवरची टोपली आत घेतली आणि मागच्या दारी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोष्टीचा शेवट सांगितला. गोष्ट वजनदार व्हावी म्हणून मी गोष्टीतल्या मायला शेवटी मारलं होतं. तेव्हा मला वाटायचं, कोणी वारल्याशिवाय गोष्ट संपली असं होत नाही. गोष्टीतल्या खोट्या माणसांना काकींचा नियम लागत नाही, असं मी धरून चाललो होतो. शेवटची ओळ मी चांगली दोन दिवस झाडावर टांगून ठेवलेली होती : 'शेडातली चूल विझली आणि माय वारली.' सांगितली आणि झाडांकडे बघत वाट पाहिली. 'पुढं?' आलं नाही. मान वळवली तर काकींनी पेन वहीत ठेवून दिलेलं. "भात लागला बहुतेक," म्हणाल्या आणि उठून गेल्या. मला भाताचा वास काही आला नव्हता. मी मनात म्हटलं, ओळ जमली.

पुढचे दोन महिने मायचा फोन बंद. मामाच्या गावाला रेंज नसते, हे मला माहीतच होतं. सुनिता फोन उचलायची आणि 'दळायला आलेय, मग बोलते' म्हणून ठेवायची. मी जोर करून विचारलं असतं तर ती बोलली असती. मी विचारलं नाही. गोष्ट स्वीकारल्याचं पत्र आलं होतं. मी त्याच नादात होतो. लेखक झालो होतो ना.

दिवाळीच्या आठ दिवस आधी अंक आला. काशिनाथ सुट्टीवर आलेला. त्याने अंक माझ्या तोंडासमोर धरला आणि एकेक पान उलटत गेला. स्वतःचं नाव छापलेलं बघितलं तेव्हा डोळे भरून आले, हे लिहायला लाज वाटते. मग वाचायला लागलो. तिसऱ्या पानावर अडलो. मी सांगितलं होतं, 'पाणी उकळलं की माय त्यात हळद टाकायची.' छापलं होतं, 'तेल तापलं की माय त्यात हळद टाकायची.'

"काकी," मी आत हाक मारली, "इथं तेल कुठून आलं?"

"आला असंल कुठनं तरी," आतून उत्तर. "पुढं वाच."

पुढे वाचलं. शेवटच्या पानावर आलो, जे मी कधी ऐकून घेतलं नव्हतं. तिथे होतं : 'शेडातली चूल विझली आणि माय गावाला गेली.'

"काकी! हे काय केलंत? मी 'वारली' सांगितलं होतं."

काकी पदराला हात पुसत दारात आल्या. "घरात तू असा पडलेला. तो शबूद मी घरात कसा लिवू?"

"अहो, गोष्ट आहे ती. खोटी माणसं."

"कागदाला काय ठावं खोटी का खरी?"

मला हसू आलं. म्हटलं, "बरं, पण मग गावाला का पाठवलीत? पूर्ण गोष्टीत तिला गाव नाही कुठलं."

"आमी तसाच बोलतो," काकी म्हणाल्या. "लेकराला, आजाऱ्याला काय सांगनार दुसरा? मानूस गेला, त गावाला गेला म्हनायचा."

काशिनाथ अंक खाली ठेवून आईकडे बघत होता. त्याचं ते बघणं मला आधी दिसलं, आणि मग श्रावणातलं ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. टोपली पायरीवर ठेवल्याचा आवाज आणि ते वाक्य.

"काकी," मी म्हटलं, "माझी माय कुठं गेलीय?"

त्या खाली बसल्या. खाटेच्या लाकडाला धरून.

"मी सांगितला व्हता," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी सांगितला, बाला. तू हसलास. मंग माझी जीब उचलली न्हाय."

मला हुंदका येत नाही. त्याला छाती लागते. डोळ्यांतून पाणी येतं आणि पडलेला असलो तर ते कानात जातं. काशिनाथ ते पुसत राहिला. काकी सांगत होत्या. कावीळ उलटली. त्याच दिवशी सकाळी माय वारली. सुनिता म्हणाली होती, त्याला येता यायचं न्हाई, तिथं पडल्या पडल्या घुसमटंल, काकी तुम्हीच बघा कसं सांगायचं ते. तिला वाटत होतं काकींनी मला सांगितलं असेल. काकींना वाटत होतं, सांगितलं. आणि मी मामाच्या अंगणात मायला बसवून निवांत होतो.

जिच्यासाठी गोष्ट लिहिली ती, मी शेवटची ओळ सांगत होतो त्याच्या आदल्याच दिवशी जाऊन बसली होती. आणि मी तिला वजनासाठी मारत होतो. काकी ते ऐकत पेन हातात धरून बसल्या होत्या. त्या 'भात लागला' म्हणून का उठल्या, ते मला दोन महिन्यांनी कळलं.

काशिनाथने आणि शेजारच्या दोघांनी मला उचलून मागच्या दगडावर नेलं. उशिरा कळलं तरी कळल्यावर अंगावरच्या कपड्यांनिशी पाणी घ्यायचं असतं. काकींनी कळशी डोक्यावर ओतली. पाणी डोक्यावरून, कपाळावरून, गालांवरून आलं, गार, आणि हनुवटीखाली गेलं की संपलं. बाकीचा सदरा भिजताना मी फक्त बघितला. मायचं सूतक मला तेवढ्याच अंगावर पाळता आलं.

डोकं पुसता पुसता काकी म्हणाल्या, "त्या तेलाचा सांगू का?"

मी मान त्यांच्याकडे वळवली.

"तुजी आय तापात व्हती तवा मी तिला वही वाचून दावायचे. वाडीत बसून, फोनवर. सुनिता तिच्या कानाला धरायची. रोज एक पान. तुला सांगू नको म्हनली. म्हनली, तो लाजंल आनि लिवायचा सोडंल."

"किती वाचलंत?"

"शेवटचा पान सोडून सगला. तो तू तवा सांगितलाच कुठं व्हतास?"

"काय म्हणाली?"

काकींचा हात थांबला. मग त्यांनी मायची बोली काढायचा प्रयत्न केला, जमली नाही, पण मायच होती ती. "म्हनली, उकळत्या पान्यात हळद टाकली त कच्चा वास ऱ्हातो. येवडी वर्सं खाल्ली माझ्या हातची, आन लेकाला येवडा बी ठावं न्हाई? तेलात टाकते म्हनावं मी. आनि हसली, बाला. खोकला आला तरी हसत व्हती. मंग मी तिथंच खोडला आनि तेल लिवला."

अंकाची एक प्रत सुनिताने शाळेत नेऊन दिली. बाईंनी शेडमध्ये वाचली, पोरं जेवायला बसली तेव्हा, मोठ्याने. पळी दुसऱ्या कोणाच्या हातात होती.

लोक या गोष्टीच्या शेवटच्या ओळीचं फार कौतुक करतात. ती काकींची आहे. छोट्या वाक्यांचं करतात, ती माझ्या छातीची. मधलं ते हळदीचं वाक्य कोणाच्या नजरेतही भरत नाही. ते मायचं. सगळी पानं पुन्हा पुन्हा वाचल्यावर मला वाटतं, त्यात चवीचं वाक्य तेवढं एकच आहे.

दगडावरच्या त्या पाण्यानंतर तीन दिवस काकींनी घरात फोडणी घातली नाही. उशिरा कळलेलं सूतक तीनच दिवसांचं, असं त्या म्हणाल्या. सुतकात हळद चालत नाही, अळणी जेवायचं. आजूबाजूच्या घरांतून दिवाळीच्या चकलीचे वास येत होते आणि आमच्याकडे पांढरा भात. चौथ्या दिवशी मला पडवीत आणून बसवलं होतं. चुलीवर काहीतरी चढल्याचा आवाज झाला, मग मोहरी तडतडली, आणि काकींनी आतून हाक मारली.

"बाला, तेल तापलाय रे. हळद टाकते बघ."